गाडीची वेळ ॲपवर खरी कशी दिसेल? (तालुका ते गाव फेऱ्यांबद्दल)

सड्यावरची | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एसटी गाड्यांच्या वेळेचा विषय इथे अधूनमधून निघतो आणि दरवेळी "आपल्याकडे हे असंच चालायचं" इथवर येऊन थांबतो. या वेळी जरा मुद्द्याला धरून बोलूया, अशी विनंती.

मी रत्नागिरी तालुक्यात सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळ पठारावरच्या) गावात राहते, नोकरी शहरात. आमच्या फाट्यावर दिवसाला मोजक्याच फेऱ्या येतात. गाड्यांवर जीपीएस यंत्रं बसली, फोनवर गाडी दिसू लागली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यावर मिनिटांचे जे आकडे येतात त्यांच्या भरवशावर घराबाहेर पडता येत नाही. "१४ मिनिटं" वाचून फाट्यावर उतरावं, तर टपरीवाले काका सांगतात, गाडी आत्ताच गेली. पुढची दोन तासांनी. कधी उलट होतं: गाडी स्टँडवरून सुटलेलीच नसते आणि फोनवर ती अर्ध्या रस्त्यात असते.

मुंबईत एक बस चुकली तर मागून दुसरी येते. इथे चुकली तर अर्ध्या दिवसाची रजा पडते, आजारी माणसाची डॉक्टरची वेळ जाते, मुलांचा पेपर बुडतो. म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्याला लागणारी अचूकता शहरापेक्षा वेगळी आहे. सांगितल्यापेक्षा गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर मी उभी राहीन. दोन मिनिटं लवकर निघून गेली तर माझ्या हातात काहीच उरत नाही. अंदाज करणाऱ्या यंत्रणेने या दोन चुका एकाच मापाने मोजू नयेत.

ज्यांना यातलं तंत्र कळतं त्यांनी सांगा: चूक नेमकी होते कुठे? आणि प्रवासी म्हणून आपण काय मागायचं?

---

खाडीपलीकडे | रविवार, रात्री १०.०५

अगदी मनातलं लिहिलंत ताई. आमची गोष्ट आणखी एका पायरीची. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने उतरायचं आणि पुढे गुहागरची गाडी धरायची. गाडी पाच मिनिटं आधी सुटली की बोटीतून उतरलेले सगळे धक्क्यावर. बोटीची वेळ आणि गाडीची वेळ एकमेकांना माहीतच नसतात. तवसाळ-जयगड, बागमांडला-वेसवी, सगळीकडे हाच प्रकार.

---

नकाशेवाला | सोमवार, सकाळी ७.३०

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, सध्या पुण्यात असतो. सार्वजनिक वाहतुकीच्या डेटावरच काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गाडी येण्याचा अंदाज तीन गोष्टींवर उभा असतो: वेळापत्रक, गाडी आत्ता कुठे आहे, आणि तिथून तुमच्यापर्यंत यायला साधारण किती वेळ लागतो. लोकांना वाटतं गणित कच्चं आहे, म्हणजे तिसऱ्या गोष्टीत घोळ आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा घोळ पहिल्या दोन गोष्टींत असतो.

वेळापत्रक लिहायची एक खुली पद्धत आहे, जीटीएफएस. २००५ च्या सुमारास अमेरिकेत पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर ती सुरू केली, आज ती जगभर वापरतात. साध्या तक्त्यांच्या फायली असतात: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ. २०११ मध्ये तिला थेट माहितीची जोड मिळाली. त्यात तीन तऱ्हेचे निरोप जातात: गाडी कुठे आहे, फेरी किती उशिरा आहे किंवा रद्द झाली आहे, आणि रस्ता बंद वगैरे सूचना. दिल्लीने २०१८ मध्ये आयआयआयटी दिल्लीच्या मदतीने आपल्या बसगाड्यांचा असा डेटा सर्वांसाठी खुला केला. तेव्हा हे भारतात होत नाही असं कुणी म्हणू नये.

आता आपल्याकडचं बघा. कागदावर पक्की वेळ असते ती सुटायच्या ठिकाणची. मधल्या थांब्यांच्या वेळा बऱ्याचदा कुणी लिहिलेल्याच नसतात. मग संगणक अंतराच्या हिशोबाने त्या वाटून टाकतो. रत्नागिरी ते साखरपा जो वेग मिळाला तोच पुढे आंबा घाटाला लावला की मलकापूरची वेळ चुकलीच. खरं तर जीटीएफएसमध्ये प्रत्येक वेळेपुढे ती पक्की आहे की अंदाजे, हे नोंदवायची सोय आहे. ती वापरली आणि अंदाजे वेळ पडद्यावर "अंदाजे" म्हणूनच दाखवली, तर अर्धी फसगत तिथेच टळते.

दुसरं म्हणजे "मार्गे". रत्नागिरी-गणपतीपुळे गाडी आरेवारे मार्गे जाते तशी निवळी-जाकादेवी मार्गेही जाते. गाडीच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं, म्हणून स्टँडवर कुणी चुकत नाही. डेटात दोन्हींना एकच मार्ग म्हणून टाकलं, तर जाकादेवीच्या थांब्यावर उभ्या माणसाला किनाऱ्यावरची गाडी "जवळ आली" अशी दिसते.

ताईंच्या मुख्य मुद्द्याबद्दल संध्याकाळी लिहितो, त्यात तथ्य आहे.

---

फलाट क्रमांक ३ | सोमवार, दुपारी १.१५

मी वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. कुठल्या डेपोला ते राहू दे. नकाशेवाल्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, मी तिसरी सांगतो. माझ्या मते सगळ्यात मोठी तीच.

सकाळी ड्युट्या लागतात तेव्हा कुठल्या फेरीला कुठली गाडी हे ठरतं. पण ड्रायव्हरने गाडी ताब्यात घेतली, ब्रेक नीट धरत नाही असं त्याला वाटलं, तर तो गाडी परत देतो. द्यायलाच हवी, पुढे घाट आहे. मग दुसरी गाडी मिळते, वेबिलवर (कंडक्टरच्या ड्युटीच्या कागदावर) नवा नंबर चढतो आणि फेरी निघते. संगणकात मात्र त्या फेरीपुढे जुन्या गाडीचाच नंबर राहतो, आणि ती गाडी वर्कशॉपच्या पिटावर उभी. तुम्ही फोनवर बघता ती "हलत नसलेली" गाडी हीच. तिच्या जागी जी खरोखर रस्त्यावर आहे ती तुम्हाला दिसतच नाही.

दुसरा प्रकार. बऱ्याच ठिकाणी डेपो आणि स्टँड एकाच आवारात आहेत. गाडी डिझेल भरून फलाटाला लागायला हलली, की यंत्रणेला वाटतं फेरी सुरू झाली. मग वीस मिनिटं ती फलाटावर उभी, आणि पुढच्या थांब्यांवरची मिनिटं उगाच मोजली जातायत.

यावर महागडा उपाय लागत नाही. कंडक्टर फेरी सुरू करताना तिकीट मशीनमध्ये फेरी उघडतोच, त्याशिवाय तिकीट फाडता येत नाही. कुठली फेरी, कुठल्या गाडीवर, कधी उघडली, हे त्या क्षणी मशीनला कळलेलं असतं. हीच माहिती जीपीएसवाल्या यंत्रणेला दिली की गाडी बदलल्याचा घोळ मिटतो. शिवाय आपला भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. गाडी पुढे जाईल तसा मशीनवर टप्पा पुढे सरकतो. घाटात रेंज गेली, जीपीएस गप्प झालं, तरी शेवटचं तिकीट कुठल्या टप्प्यावर फाडलं यावरून गाडी कुठवर आली ते सांगता येतं.

---

सड्यावरची | सोमवार, दुपारी २.००

काका, हे आम्हाला बाहेरून कधीच कळलं नसतं. म्हणजे "गाडी दिसत नाही" आणि "गाडी नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग पडद्यावरही त्या वेगळ्या का दाखवत नाहीत? "या फेरीची गाडी कळलेली नाही" असं स्पष्ट लिहून आलं तर मी वेळापत्रकाच्या वेळेआधी जाऊन उभी राहीन. आत्ता मात्र आकडा दाखवतात, आणि आकडा दिसला की माणूस विश्वास ठेवतो.

---

कट्ट्यावरून | सोमवार, दुपारी ३.२५

मालवण-कसाल रस्त्यावरून लिहितोय. आमच्या वाडीच्या ग्रुपवर सकाळी एकच प्रश्न असतो: "गाडी खंय पावली?" आणि कोणतरी उत्तर देतोच, "चौक्यापाशी गावली माका, पाच मिन्टां झाली." बस्स. कुणी मिनिटांचा अंदाज करत नाही. गाडी कुठे दिसली आणि कधी दिसली, एवढंच. पुढचा हिशोब ज्याचा तो करतो, कारण रस्ता पायाखालचा. ॲपने एवढंच दाखवलं तरी आमचं काम होईल.

---

नकाशेवाला | सोमवार, रात्री ८.५०

कट्ट्यावरून यांनी जे सांगितलं तीच खरी किल्ली आहे. शेवटचा ठिकाणा आणि त्याची वेळ. "१४ मिनिटं" याऐवजी "हातखंबा तिठा सोडला ७.५२ ला" असं आलं तर ती घडलेली गोष्ट आहे, तिच्यात अंदाजाची चूक शिरत नाही. अंदाज त्याच्या खाली, लहान अक्षरात द्यावा.

अंदाजही सुधारता येतो. शहरात वापरतात त्या पद्धतीत पुढे गेलेल्या गाडीला आज किती वेळ लागला आणि गेल्या काही दिवसांत याच वेळी किती लागला, या दोहोंची सांगड घालतात. इथे पुढची गाडी दोन तासांपूर्वी गेलेली, तिचा उपयोग काय? म्हणून मार्गाऐवजी रस्त्याचा तुकडा धरायचा. रत्नागिरीतून देवरूखला, लांज्याला, चिपळूणला, कोल्हापूरला जाणारी गाडी हातखंब्यापर्यंत एकाच रस्त्याने जाते. त्या सगळ्यांनी मिळून कुवारबाव ते हातखंबा या तुकड्याची आजची वेळ सांगितली, तर तुमच्या गावच्या एकुलत्या एक गाडीलाही तिचा फायदा मिळतो. फक्त धावण्याचा वेळ आणि थांबण्याचा वेळ वेगळे मोजायला हवेत, कारण जलद गाडी थांबत नाही आणि साधी गाडी हात दाखवला की थांबते. बाजाराच्या दिवशी किंवा शाळा सुटायच्या वेळी धावण्याचा वेळ तोच राहतो, चढण्या-उतरण्याचा वाढतो.

घाटात आणखी एक गंमतीदार वाटणारी पण त्रासाची गोष्ट घडते. कुंभार्ली घ्या. वळणावळणाने रस्ता स्वतःच्याच वर चढत जातो. जीपीएस वीस-तीस मीटर हललं की बिंदू खालच्या वळणाऐवजी वरच्या वळणावर बसतो, आणि यंत्रणेला वाटतं गाडीने एका क्षणात किलोमीटरभर रस्ता कापला. पुढच्या बिंदूला ती पुन्हा खाली. तुमच्या पडद्यावर ८ मिनिटं, १९ मिनिटं, ९ मिनिटं असं नाचत राहतं ते यामुळे. जवळचा रस्ता शोधण्याऐवजी, मागच्या बिंदूपासून या वेळात गाडी कुठवर पोचू शकते ते तपासून बिंदू बसवला की हा नाच थांबतो.

रेंजचंही तसंच. आपल्याकडच्या वाहन-ठिकाणा यंत्रांचं एआयएस १४० हे मानक आहे. त्यानुसार नेटवर्क नसेल तेव्हा यंत्राने किमान ४०,००० नोंदी साठवून ठेवायच्या आणि नेटवर्क आलं की पाठवायच्या. उत्तम सोय. पण घाट उतरल्यावर जुन्या नोंदी एकदम येतात, तेव्हा त्या आलेल्या वेळेनुसार लावल्या तर गाडी मागे गेल्यासारखी दिसते. नोंद घेतल्याच्या वेळेनुसार लावायला हव्यात. साधी गोष्ट आहे, पण कुणीतरी मुद्दाम करावी लागते.

---

पावसाळी | मंगळवार, सकाळी ८.१०

मला एक कळत नाही. कोकण रेल्वे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लावते. कित्येक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. वेग कमी, वेळ जास्त, आणि तसं आधीच छापून जाहीर. लोक त्याप्रमाणे घरून निघतात. मग रस्त्याच्या गाड्यांना मे आणि जुलैला एकच धावण्याचा वेळ कसा? धुक्यात आंबोली चढणारी गाडी एप्रिलमधल्या वेळेत वर पोचावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. वेळापत्रकच खोटं असेल तर त्यावरचा अंदाज खरा कसा होणार?

---

फलाट क्रमांक ३ | मंगळवार, सकाळी ११.३०

पावसाळी, शंभर टक्के. आणि याला दुसरी बाजूही आहे, ती मी पोटतिडकीने सांगतो. पडद्यावर उशीर दिसायला लागला की बोट ड्रायव्हरकडे जातं. घाटात, पावसात, दरड पडलेल्या वळणावर तो माणूस गाडी सांभाळून आणतोय, आणि फलाटावर लोक फोन पुढे करून विचारतात, एवढा उशीर कसा. धावण्याचा वेळ कमी ठेवायचा आणि मग उशिराचा हिशोब मागायचा, हा अन्याय आहे. वेळ वाढवून द्या, पण मधल्या मोठ्या थांब्यावर वेळेआधी गाडी सोडू नका, असा नियम पाळला तर ड्रायव्हरही निवांत आणि ताईंची गाडीही चुकणार नाही. लवकर सुटणं हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. उशीर नसतो.

---

दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी १२.४५

सगळं पटतंय, पण मूळ प्रश्न फेऱ्यांचा आहे. दिवसाला तीन गाड्या असताना त्या कुठे आहेत हे बघण्यावर खर्च करण्यापेक्षा चौथी गाडी द्या.

---

नकाशेवाला | मंगळवार, दुपारी १.३०

दर्यावर्दी, चौथी गाडी हवीच, त्यावर वाद नाही. पण यांतल्या बऱ्याच गोष्टींना नवी यंत्रं लागत नाहीत. यंत्रं बसलेली आहेत, तिकीट मशीनं आहेत. त्यांची माहिती एकत्र आणायची आणि थांबे नीट लिहायचे.

सिएटलमध्ये वनबसअवे या ॲपवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. थेट माहिती बघणाऱ्या प्रवाशांना आपण सरासरी साडेसात मिनिटं थांबलो असं वाटलं, तर जुन्या पद्धतीने थांब्यावर येणाऱ्यांना जवळजवळ दहा मिनिटं. तिथे फरक दोन-अडीच मिनिटांचा, आणि तेवढ्यानेही लोकांचं समाधान वाढलं. आपल्याकडे पणाला लागतात ते तास.

---

भोस्ते घाट | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

जुन्या सरासरीबद्दल एक सांगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात परशुराम घाट रुंदीकरणासाठी रोज दुपारचे काही तास बंद ठेवत, वाहतूक आंबडस-चिरणी मार्गे वळवत. अशा दिवसांत वळवलेली गाडी नकाशावर "मार्ग सोडून" गेलेली दिसते आणि नेहमीच्या थांब्यांची मिनिटं निरर्थक होतात. ते दिवस संपल्यावरही त्या नोंदी सरासरीत राहिल्या तर पुढचे अंदाजही बिघडतात. कशेडी घाटात उलट. ज्या गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या त्यांची वेळ एकदम कमी झाली, पण सरासरी जुन्या घाटाची. म्हणजे ॲप सांगतं उशिरा, गाडी येते लवकर. ताईंना नको असलेली नेमकी तीच चूक. रस्ता बदलला की जुना हिशोब टाकून द्यायची सोय हवी, आणि ती कुणाच्या हाती आहे हे लोकांना माहीत हवं.

---

सड्यावरची | मंगळवार, रात्री ९.१५

खूप शिकायला मिळालं. निवेदन लिहायला घेतलंय. एक शंका. "लवकर जाण्याची चूक वेगळी मोजा" हे कागदावर कसं मांडायचं? अधिकारी विचारतील, म्हणजे नेमकं काय करू?

---

नकाशेवाला | मंगळवार, रात्री १०.००

सोपं आहे. त्या थांब्यावर गेल्या महिनाभरात ही फेरी प्रत्यक्ष कधी कधी आली त्या वेळा काढायच्या. सरासरी दाखवली तर साधारण निम्म्या वेळा गाडी त्याआधीच निघून गेलेली असेल. त्याऐवजी अशी वेळ काढा की दहातल्या नऊ दिवशी गाडी त्यानंतरच आली. ती वेळ "थांब्यावर या" म्हणून मोठी दाखवा: "७.४५ ला थांब्यावर या, गाडी ७.४५ ते ८.०५ च्या दरम्यान." मोजतानाही तसंच: दाखवलेल्या वेळेआधी गाडी किती वेळा गेली, हा आकडा वेगळा काढून दर महिन्याला डेपोत फळ्यावर लावा. जवळ आलेल्या गाडीच्या अंदाजातल्या चुकीला कमी सूट आणि लांबच्या गाडीला जास्त, अशी पद्धत बॉस्टनच्या एमबीटीएसारख्या संस्था वापरतात. त्यांचा हिशोब अर्ध्या तासापर्यंतचा, आपल्याला तो तासाभरापर्यंत न्यावा लागेल. सड्यावरून फाट्यावर चालत यायलाच कुणाला अर्धा तास लागतो.

---

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री १०.२०

निवेदनात धक्क्याचं घाला हो ताई. बोट टेकली की गाडी निदान दहा मिनिटं थांबेल एवढं तरी. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी स्टँडवर लाउडस्पीकर आहेच, शेवटचा ठिकाणा त्यावरूनही सांगता येईल. आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं ॲप उघडणार नाहीत.

---

वस्तीची गाडी | बुधवार, पहाटे ५.१०

एक राहिलं. वस्तीच्या गाडीचं. रात्री गाडी गावात येते, मुक्काम करते, पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. पहाटे इंजिन सुरू होईपर्यंत ॲपवर काहीच दिसत नाही. आदल्या रात्री गाडी आलीच नाही तर सकाळी अंधारात उभे असलेल्यांना ते उजाडल्यावर कळतं. दापोली, मंडणगड, राजापूर, कुठेही विचारा.

---

फलाट क्रमांक ३ | बुधवार, सकाळी ७.००

बरोबर, आणि सगळ्यात सोपी दुरुस्ती हीच आहे. रात्री कंडक्टर गावात पोचून शेवटची फेरी मशीनमध्ये बंद करतो. त्याच क्षणी सकाळच्या पहिल्या फेरीपुढे "गाडी गावात आली आहे, रात्री ९.२०" असं आपोआप लिहून आलं पाहिजे. गाडी आली नाही तर रात्री दहा वाजताच "सकाळची फेरी अनिश्चित" असं दिसू दे, म्हणजे माणूस शेजाऱ्याची रिक्षा तरी सांगून ठेवेल. गाडी वाटेत बिघडून मध्यरात्रीनंतर पोचली तर संगणकाने ती दुसऱ्या दिवसाची समजून सोडून देऊ नये, एवढं बघायला सांगा.

---

नकाशेवाला | बुधवार, सकाळी ७.४०

त्याची सोय जीटीएफएसमध्ये आहे, काका. मध्यरात्रीनंतरची वेळ त्याच दिवसात २४ च्या पुढे मोजतात. रात्री सव्वा वाजता पोचायची गाडी २५:१५ अशी लिहितात. ताई, निवेदनात वस्तीच्या गाडीचा मुद्दा पहिला घ्या. त्याला खर्च सगळ्यात कमी आहे आणि डेपोतल्या माणसांना तो लगेच समजेल.

---

सड्यावरची | बुधवार, रात्री ८.३०

घेतला. दुसरा मुद्दा गाडी बदलल्याचा, तिसरा "थांब्यावर या" वेळेचा, मग पावसाळ्याचा धावण्याचा वेळ, मग धक्का. मसुदा उद्या इथे टाकते. आपापल्या फाट्याचं नाव, थांब्याची नेमकी जागा आणि गाडी कुठल्या मार्गे येते एवढं प्रत्येकाने खाली लिहा. तिठ्यावर एकाच नावाचे दोन थांबे असतील, गाडी गावात आत जाऊन परत तिठ्यावर येत असेल, तर तेही लिहा. जाताना कुठे थांबते आणि येताना कुठे, हे वेगळं हवंय.